रिहर्सलचं मिनिट महाग असतं: चेंबर आणि ऑर्केस्ट्रासाठीची नवी रचना कागदापासून श्रोत्यांपर्यंत

साठ वादक बसलेत, कंडक्टरने हात उचललाय, आणि दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याला चौदाव्या बारमध्ये (तालाच्या चौदाव्या घरात) स्वर शार्प, म्हणजे अर्ध्या स्वराने चढा, आहे की नॅचरल, म्हणजे मूळचा, हेच कळत नाहीये. तो हात वर करतो, कंडक्टर स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लेखन) चाळतो, मागच्या खुर्चीवरून उठून संगीतकार काहीतरी सांगतो. दीड मिनिट गेलं. दहा मिनिटांच्या नव्या रचनेला सगळा मिळून पाऊण तास सराव मिळाला असेल, तर अशा दहा शंकांमध्ये पंधरा मिनिटं संपतात. उरलेल्या अर्ध्या तासात रचना दोन-तीनदा जेमतेम वाजते आणि मग मैफलीत ‘कच्ची’ वाटते. श्रोते दोष संगीतकाराला देतात. बऱ्याचदा तो त्याचाच असतो, पण कल्पनेतला नसून कागदावरचा.

म्हणून पुढे जे सांगितलंय त्याचा रोख एकच आहे: सरावाची मिनिटं वाचवायची. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) येतं, हार्मनीचा अभ्यास झालाय, एखाद-दोन रचना लिहून तयार आहेत किंवा होत आल्या आहेत, अशा तरुण संगीतकारांसाठी हे लिहिलं आहे.

आधी माणसं मोजा, मग वाद्यं

पहिलीच रचना मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहायचा मोह सगळ्यांना होतो. ती वाजायची शक्यता सगळ्यात कमी असते. तीन ते पाच वादकांसाठी, म्हणजे चेंबर ग्रुपसाठी, सहा-आठ मिनिटांची रचना लिहा. ती वाजेल, रेकॉर्ड होईल, आणि ऑर्केस्ट्राचं दार ठोठावताना तेच रेकॉर्डिंग कामाला येईल.

वादक कोण मिळतील याचा अंदाज लिहायच्या आधी घ्या. मुंबई, पुणे, गोवा या पट्ट्यात व्हायोलिन, पियानो, गिटार आणि कॉयर यांची चणचण नाही. गोव्यात चर्चच्या संगीतशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनवादक घडवले. मुंबईच्या सिनेसंगीतातले तारवाद्यांचे ताफे बऱ्याच अंशी त्यांच्याच जिवावर उभे राहिले. व्हिओला, ओबो, बासून आणि फ्रेंच हॉर्न मात्र शोधावे लागतात. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली उभी राहिलेली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ही पूर्ण व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आहे, पण तिच्यातही बाहेरदेशचे वादक मोठ्या संख्येने असतात. तेव्हा गावातल्या गावात रचना वाजवायची असेल तर ओबोचा महत्त्वाचा सोलो क्लॅरिनेटच्या पार्टमध्येही (त्या वादकासमोरच्या कागदावरही) लहान नोटांत लिहून ठेवा. ओबोवाला आला नाही तर कार्यक्रम अडत नाही.

वाद्यांची यादी लिहायची एक ठरलेली रीत आहे. ‘२.२.२.२ – ४.२.३.१ – टिंपनी + २ पर्कशन – हार्प – तारवाद्यं’ याचा अर्थ: दोन फ्लूट, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बासून, मग चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा. दुसरा फ्लूटवाला पिकोलोही वाजवणार असेल तर ते तिथेच नोंदवा. ऑर्केस्ट्राचा व्यवस्थापक स्कोअर उघडण्याआधी ही ओळ वाचतो आणि बजेट मनात मांडतो. कॉन्ट्राबासून, दुसरी हार्प, सेलेस्टा ही वाद्यं रचनेत चार बारांपुरतीच असतील तर काढून टाका. भाड्याचा खर्च चार बारांसाठी कोणी करत नाही.

राग आणि ताल स्टाफवर मांडताना

मराठी संगीतकाराची रचना कुठे ना कुठे रागाकडे वळते, आणि नेमकी तिथेच सरावात गाडी अडते. इथे जरा थांबू या.

पहिली गोष्ट ‘सा’ची. सोबत सतार किंवा गायक असेल तर सा बहुधा काळी एक, म्हणजे सी शार्प. या सुरावरून शुद्ध स्वरांचा राग, समजा बिलावल, लिहिलात तर व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई या चार मोकळ्या तारांपैकी एकही स्वरमालेत बसत नाही. तारा गुंजत नाहीत, बोटं अवघड जागी जातात, अख्खा तारवाद्य विभाग बेसूर आणि दबका वाटतो. त्याच काळी एकवर भैरवी घ्या: कोमल रे म्हणजे डी, कोमल ग म्हणजे ई, कोमल ध म्हणजे ए. तीन तारा आपसूक जुळल्या, ऑर्केस्ट्रा उजळली. म्हणजे सा कोणता हा प्रश्न रागासकट सोडवायचा असतो. शुद्ध स्वरांचा राग असेल तर सोलो कलाकाराला पांढरी दोन चालेल का, हे रचना लिहिण्याआधी विचारा; चारही तारा लागू पडतात. तबला असेल तर तो एका सुराला लावलेला असतो. रचनेत सूर बदलणार असेल तर दुसरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) लावून ठेवायला सांगा आणि तो बदलायला किमान पाच-सहा सेकंदांची मोकळीक द्या.

दुसरी गोष्ट तालाची. रूपकाच्या सात मात्रा ३+२+२ अशा लिहा, टाइम सिग्नेचरच्या वर तसं छापा आणि नोटांचे गटही तसेच जोडा. नुसतं ७/८ लिहिलं तर कंडक्टर २+२+३ धरू शकतो आणि तुमची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) घसरते. झपताल २+३+२+३, त्रितालाची सोळा म्हणजे ४/४ चे चार बार. आवर्तनाच्या सुरुवातीला दुहेरी बाररेषा देता येते. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची असेल तर त्या गतीने कंडक्टर हात हलवू शकत नाही, वादकांनाही मधला काळ धरता येत नाही. एका मात्रेचा एक ४/४ बार करा आणि क्वार्टर नोट ६० ला, म्हणजे मिनिटाला साठ, ठेवा. बारा मात्रांचे बारा बार, हिशेब चोख. ‘खाली’ला (तालात टाळी नसलेल्या जागेला) कंडक्टरकडे वेगळी खूण नसते. तिथे काही वेगळं घडायला हवं असेल तर ते वाद्यांच्या लेखनातूनच घडवावं लागतं. तिहाई (तीनदा येऊन समेवर पोचणारा तुकडा) लिहिताना तिन्ही पल्ल्यांवर कंस करून १, २, ३ असे आकडे घाला, नाहीतर वादकाला ती तीन चुकलेल्या अॅक्सेंटसारखी दिसते.

तिसरी, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं. पाश्चात्त्य वादकाला ग्लिसांडोची (स्वरावरून स्वरावर घसरण्याची) रेघ दिसली की तो नोट सुरू झाल्याबरोबर सरकायला लागतो आणि शेवटपर्यंत सारख्या वेगाने सरकतो. आपली मींड तशी नसते. स्वरावर थांबून, उशिरा निघून, वळण घेऊन पोचते. म्हणून निघायची वेळ दाखवा: आधीचा स्वर बांधलेल्या दोन नोटांत लिहा आणि रेघ दुसऱ्या नोटेपासून ओढा. तार कुठली तेही लिहा, कारण मींड एकाच तारेवर होते. ट्रॉम्बोनवर स्लाइडच्या सात पोझिशन असतात, म्हणजे एका दमात जास्तीत जास्त तीव्र मध्यमाएवढं अंतर. त्यापुढची मींड तुटते. पियानोवर आणि मारिंबावर तिचा नादच सोडा.

आंदोलनाबद्दल, म्हणजे स्वराच्या संथ झुलण्याबद्दल, स्पष्ट मत सांगायला हवं: दरबारीच्या गंधाराचं आंदोलन चौदा व्हायोलिनना देऊ नये. चौदा जणांची चौदा आंदोलनं होतात आणि कानाला धूसर गोळा ऐकू येतो. ते सोलो व्हिओलाला किंवा सोलो चेलोला द्या, बाकीच्यांना स्थिर षड्ज-पंचम.

कॉम्प्युटर खोटं बोलतो

नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरपैकी म्युझस्कोअर फुकट आहे आणि आता पुरेसं सक्षम आहे. सिबेलियस, डोरिकोच्या पूर्ण आवृत्त्या विकत घ्याव्या लागतात. फिनालेचं काम कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवलं, तेव्हा जुन्या फिनाले फाइली असतील तर कॉम्प्युटर बदलण्याआधी सगळ्या म्युझिकएक्सएमएलमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या स्वरूपात) काढून ठेवा.

प्रश्न सॉफ्टवेअर कोणतं हा नाही, त्यातून येणाऱ्या आवाजावर किती भरवसा ठेवायचा हा आहे. प्लेबॅकमध्ये फ्लूटचा खालचा सप्तक ट्रम्पेटच्या समोर स्वच्छ ऐकू येतो. सभागृहात तो ऐकूच येत नाही. ओबोला सगळ्यात खालच्या दोन-तीन नोटा अगदी हळू वाजवायला सांगितल्या की तो वाजवू शकत नाही. नोट फुटते किंवा बदकासारखी येते. जोरात वाजणाऱ्या जागी एका ट्रम्पेटला दोन हॉर्न आणि एका हॉर्नला दोन लाकडी वाद्यं असा ढोबळ जुना हिशेब आहे, तो अजून खरा ठरतो.

शिवाय कॉम्प्युटरला श्वास लागत नाही आणि बोटंही नसतात. व्हायोलिनवर एकाच वेळी दोन स्वर हवे असतील तर ते शेजारच्या दोन तारांवर बसायला हवेत. मधल्या सीच्या लगतच्या डीपेक्षा खालचे दोन स्वर एकदम मागितले तर दोन्ही जी तारेवरच येतात, म्हणजे अशक्य. हार्पला सात पेडल आहेत: डावा पाय डी, सी, बी आणि उजवा ई, एफ, जी, ए सांभाळतो. म्हणजे एका पायाच्या दोन पेडलांचे बदल एकाच क्षणी मागू नका, आणि वेगाने चढणारी क्रोमॅटिक सुरावट तर मुळीच नको. पिझिकाटोवरून (बोटाने तार छेडण्यावरून) बोवर यायला एखादा ठोका सोडा, म्यूट लावायला तीन-चार सेकंद. टिंपनीचा सूर बदलायचा असेल तर निदान दोन-चार बार शांतता द्या. शेजारी ब्रास गरजत असताना टिंपनीवादकाला स्वतःचा सूर ऐकू येत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक वाद्याचा पार्ट छापून त्या वाद्याच्या एका वादकाला दाखवा. वीस मिनिटं मागा, चहा पाजा. त्याने पेन्सिलीने केलेल्या दहा खुणा एका सेमिस्टरच्या ऑर्केस्ट्रेशनइतकं शिकवतात.

स्कोअर कंडक्टरचा, पार्ट वादकाचा

स्कोअरवर मेहनत घेऊन पार्ट सॉफ्टवेअरच्या बटणावर सोडून देणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. वादक स्कोअर बघतच नाही. त्याच्यासाठी रचना म्हणजे त्याचा पार्ट.

स्कोअरच्या पहिल्या आतल्या पानावर वाद्यांची यादी, अंदाजे कालावधी, पर्कशनमधल्या प्रत्येक वादकाकडची वाद्यं, नेहमीच्या नसलेल्या खुणांचा अर्थ आणि स्कोअर ट्रान्सपोज केलेला (प्रत्येक वाद्याच्या स्वतःच्या लिहिण्याच्या सुरात मांडलेला) आहे की नाही हे लिहा. पार्ट मात्र कायम ट्रान्सपोज केलेलेच: एफ हॉर्नने वाजवलेला स्वर लिहिल्यापेक्षा पंचमाने खाली येतो, बी फ्लॅट क्लॅरिनेटचा एक पूर्ण स्वराने. बटण दाबल्यावर हे आपोआप होतं, पण त्यात ई शार्प, बी डबल फ्लॅट असले प्राणी निर्माण होतात. ते हाताने सोपे करा. सरावात क्लॅरिनेट हमखास अडखळतो तो इथेच.

पार्टमधल्या ओळीच्या पाच रेषांची उंची ७ ते ८.५ मिलिमीटर ठेवा. तारवाद्यांचे दोन वादक एका स्टँडवरून, जरा लांबून वाचतात. त्यांना साडेसात मिलिमीटरच्या वरच ठेवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारक्रमांक छापा. रिहर्सल मार्क, म्हणजे सरावात जागा सांगायला उपयोगी अक्षरं किंवा चौकटीतले आकडे, दहा-वीस बारांनी द्या, पण मोजून नाही. जिथे काहीतरी नवीन सुरू होतं तिथे द्या, कारण कंडक्टर तिथूनच पुन्हा सुरुवात करणार. लांब विश्रांती रिहर्सल मार्कपाशी तोडलेली हवी. ३७ बारांची एकसंध विश्रांती छापली की बासूनवाला मोजताना हरवतो, आणि त्याचा दोष नसतो. दहा-बारा बारांपेक्षा लांब विश्रांतीनंतर क्यू द्या: त्याला खरोखर ऐकू येईल अशा वाद्याचे शेवटचे दोन-तीन बार, लहान नोटांत, त्याच्याच क्लेफमध्ये आणि त्याच्याच ट्रान्सपोझिशनमध्ये. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या हार्पचा क्यू ट्रॉम्बोनला दिला तर तो असून नसल्यासारखा.

पान उलटणं ही तर वेगळी कलाच आहे. उजव्या पानाच्या शेवटी तीन-चार सेकंदांची विश्रांती आली पाहिजे. ती येत नसेल तर पान अर्धं रिकामं सोडा. कागद स्वस्त आहे. चेंबरमध्ये याला पर्याय नाही. ऑर्केस्ट्रातल्या तारवाद्यांत आतल्या बाजूचा वादक पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो, म्हणजे त्या क्षणी विभागाचा आवाज निम्मा होतो. नेमकी तिथेच नाजूक सुरावट असेल तर भोक पडलेलं ऐकू येतं. दोन पानांची रचना असेल तर ती समोरासमोर उघडणाऱ्या पानांवर बसवा, म्हणजे उलटायचा प्रश्नच नाही.

तपासणी एका बैठकीत करू नका. एकदा फक्त स्वर आणि अॅक्सिडेंटल (शार्प-फ्लॅटच्या खुणा), एकदा फक्त डायनॅमिक्स, एकदा फक्त बोइंग (बो कुठल्या दिशेने ओढायचा त्या खुणा) आणि आर्टिक्युलेशन, एकदा फक्त शब्दसूचना. प्रत्येक हेअरपिन (आवाज वाढवण्या-कमी करण्याची खूण) कुठे पोचते? विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होताना किती जोर, हे लिहिलंय का? दोन नोटा एकाखाली एक आहेत तिथे दोन वादकांत वाटायच्या की एकाने दोन्ही वाजवायच्या? पिझिकाटोनंतर आर्को (पुन्हा बो वापरा) लिहायचं राहिलं तर चेलो पुढची चाळीस बार छेडत बसतील. शेवटच्या पानापासून उलटं तपासलं तर डोळा रचनेत रमत नाही आणि चुका सापडतात.

छपाई

झेरॉक्सवाल्याकडचा ए४, ७० जीएसएम कागद पार्टसाठी वाईट. तो लहान आहे, मागची छपाई दिसते, आणि पंख्याखाली तो स्टँडवर टिकत नाही. ऑर्केस्ट्रा ग्रंथपालांना निदान ९×१२ इंचाचा पार्ट आवडतो. हा आकार इथे मिळत नाही अशी तक्रार असते, पण डिजिटल प्रेसमध्ये १२×१८ इंची शीट सर्रास वापरतात, आणि ती मधोमध दुमडली की बरोबर ९×१२ इंच होते. १०० ते १२० जीएसएम, पांढरा नको तर किंचित पिवळसर, चकाकी नसलेला. स्टँडच्या दिव्याखाली चकाकणारा कागद वाचता येत नाही. मधोमध दोन पिना. पानं चारच्या पटीत येतात हे मांडणी करताना लक्षात ठेवा. कॉम्ब किंवा स्पायरल बाइंडिंग पार्टला करू नका, उलटताना खडखडतं आणि ते मायक्रोफोनमध्ये येतं. स्कोअर ए३, डावीकडे वायर बाइंडिंग, उघडल्यावर सपाट पडला पाहिजे.

तारवाद्यांच्या प्रती वादकांच्या संख्येएवढ्या लागत नाहीत, डेस्कच्या (दोघांत एक स्टँड) संख्येएवढ्या लागतात. १४.१२.१०.८.६ (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बेस) अशी पन्नास माणसं म्हणजे ७.६.५.४.३, एकूण २५ प्रती. बोइंग आधी कॉन्सर्टमास्टरकडून (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाकडून) लिहून घेऊन मग प्रती काढल्या तर पहिल्या सरावातला वेळ वाचतो. प्रत्येक पार्टची एक जादा प्रत आणि फोनमध्ये सगळ्या पीडीएफ असू द्या. एखादा वादक पार्ट घरी विसरतोच.

सरावात

आठवडाभर आधी कंडक्टरला रचनेतल्या तीन सगळ्यात अवघड जागा बारक्रमांकासह लिहून पाठवा. पहिल्यांदा न थांबता आख्खी वाजू द्या, कितीही विस्कटली तरी. मग त्या तीन जागा, मग जोडण्या, आणि शेवटी पुन्हा सलग. चाळीस मिनिटांत दहा मिनिटांची रचना अशीच बसते.

तुम्ही स्कोअर आणि पेन्सिल घेऊन सभागृहाच्या मध्यावर बसा. वादकांशी थेट बोलू नका, कंडक्टरमार्फत बोला. उत्तर एका वाक्यात द्या: ‘१४ व्या बारला दुसऱ्या क्लॅरिनेटचा शार्प आहे.’ तो शार्प तुमच्या मनात कसा आला ही कहाणी मध्यंतरात सांगा. समतोल चुकलाय असं वाटलं तर आधी स्वतःचं लिखाण बदला. ट्रम्पेटला ‘हळू’ म्हणण्यापेक्षा त्याच्या पार्टमध्ये एफचा (जोरात) एमपी (बेताचं हळू) करणं टिकाऊ असतं. चेंबर ग्रुपमध्ये मोकळीक जास्त, पण तिथेही दुसऱ्या सरावानंतर आपल्याला रचनेतलं सगळ्यात कमी कळतं असं धरून चाललेलं बरं.

रेकॉर्डिंग

मोबाइलवर रेकॉर्ड केलेली रचना स्पर्धेला किंवा ग्रुपला पाठवू नका. फोन आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतो, त्यामुळे तुमचा पीपी (खूप हळू) आणि एफएफ (खूप जोरात) सारखेच ऐकू येतात आणि ऑर्केस्ट्रेशनची मेहनत वाया जाते.

चार वादकांच्या चौकडीसाठी दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) मायक्रोफोन पुरतात: टोकं १७ सेंटीमीटर अंतरावर, मधला कोन ११० अंश, वादकांसमोर दोन-अडीच मीटर लांब आणि तेवढेच उंच. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरकस जागा वाजवून घ्या आणि ती उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. २४ बिटमध्ये कमी पातळीवर घेतल्याने काही बिघडत नाही, वर फाटलेलं मात्र दुरुस्त होत नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. एसी आणि पंखे बंद केल्याशिवाय शांत जागा रेकॉर्ड होत नाहीत. बंद केले की अर्ध्या तासात खोली तापते, तारा उतरतात आणि फुंकवाद्यं चढतात. म्हणून पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे घ्या, मध्ये एसी चालू करा, पुन्हा सूर जुळवून मगच पुढे. पियानो असेल तर तो त्याच दिवशी लावून घ्या. पावसाळ्यात साउंडबोर्ड ओल धरतो आणि सूर वर सरकतो. ए ४४० की ४४२ हे आधीच ठरवा. सकाळी लवकर किंवा रात्री दहानंतर गाड्यांचे हॉर्न कमी असतात, पत्र्याचं छप्पर असलेली जागा जून ते सप्टेंबर टाळा.

तीन तासांच्या बैठकीत दहा मिनिटांचं संगीत नीट होतं. आधी एक सलग टेक, मग तुकडे, मग पुन्हा सलग. टेकचे आकडे स्कोअरवर पेन्सिलीने लिहीत जा, नाहीतर एडिटिंगला बसल्यावर ‘तो चांगला वाजला होता’ एवढंच आठवतं.

हक्क आणि परवानग्या

रचना कागदावर उतरली की कॉपीराइट तुमचा झाला. भारतात नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून करायची असेल तर संगीतकृतीला कॉपीराइट ऑफिसचं शुल्क ५०० रुपये आहे. कवितेला संगीत देत असाल तर मुदत तपासा: कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. बालकवी १९१८ साली गेले, मर्ढेकर १९५६ साली; दोघांच्याही कविता भारतात मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. ती रचना लिहिण्याआधी आणि लेखी घ्या. रचना तयार झाल्यावर नकार आला तर शब्द काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. युरोपात मुदत ७० वर्षं आहे, तिथे प्रयोग होणार असेल तर वेगळी चौकशी करा. अनुवाद वापरलात तर अनुवादकाचाही हक्क आहे.

वादकांकडूनही लेखी संमती घ्या. कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर कायद्याने वेगळा हक्क असतो. अर्ध्या पानाचा कागद पुरतो: कोणती रचना, कोणत्या तारखेचं रेकॉर्डिंग, कुठे कुठे वापरणार, मोबदला किती किंवा नाही. सरावाच्या दिवशीच सह्या घ्या, नंतर माणसं हाताला लागत नाहीत.

प्रयोगाचं मानधन गोळा करण्यासाठी आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व आहे. सभासद झाल्यावर प्रत्येक रचना कालावधीसकट नोंदवा आणि छापील कार्यक्रमपत्रिका जपून ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना विचार करून द्या, तो दिल्यावर मागे घेता येत नाही.

पाठवणं

वेबसाइटवर प्रत्येक रचनेचं एक पान: नाव, वर्ष, वाद्यांची ओळ, कालावधी, पहिला प्रयोग कुठे आणि कोणी केला, रेकॉर्डिंग, आणि वॉटरमार्क असलेला बघण्यापुरता स्कोअर. वादक आधी कालावधी आणि वाद्यं बघतात. तेच शोधावं लागलं तर ते पुढे जातात. आवाजासोबत स्कोअरची पानं सरकणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर इतर संगीतकार आणि कंडक्टर तो खरंच बघतात. पान आवाजाच्या एखादा बार आधी बदला. तेच रेकॉर्डिंग वितरकामार्फत स्ट्रीमिंगलाही देणार असाल तर कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय तपासा, नाहीतर तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच नावाने हक्काचा दावा येऊन बसतो.

ग्रुपला मेल लिहिताना एकच रचना सुचवा, त्यांच्या वाद्यांना तंतोतंत बसणारी. पाच-सहा ओळी, दोन लिंक, जड फाइल जोडायची नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रांचे हंगाम वर्ष-दीड वर्ष आधी ठरतात. चेंबर ग्रुप तीन-चार महिन्यांतही हो म्हणतात. ओळखपरिचय शंभर शब्दांचा आणि अडीचशे शब्दांचा, असे दोन तयार ठेवा. रचनेची टीप दीडशे शब्दांत आटपा, आणि तिच्यात कानाला काय ऐकू येईल ते सांगा.

स्पर्धांचे नियम दोनदा वाचा. टोकियो ऑपेरा सिटीची तोरू ताकेमित्सू स्पर्धा ऑर्केस्ट्राच्या रचनांसाठी आहे, वयोमर्यादा ३५, आणि दरवर्षी एकच संगीतकार परीक्षक असतो. त्या वर्षीचा परीक्षक कोण, हे बघूनच पाठवायचं की नाही ते ठरवावं. बऱ्याच ठिकाणी निनावी स्कोअर मागतात. मुखपृष्ठावरून नाव काढतात पण पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून ते तसंच राहतं, फाइलच्या नावातही राहतं. ‘आधी न वाजलेली रचना’ अशी अट असेल तर कॉलेजमधला प्रयोगही धरला जातो का, ते विचारा. प्रवेशशुल्क मोठं असेल आणि बदल्यात प्रयोग किंवा रेकॉर्डिंगची हमी नसेल, तर तेच पैसे चार वादकांच्या एका रेकॉर्डिंगवर खर्च करणं अधिक शहाणपणाचं.

पहिल्या प्रयोगानंतर पार्ट परत गोळा करा. वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा वाचा: गोल केलेले अॅक्सिडेंटल, पानाच्या कोपऱ्यावरचं ‘लवकर उलट’, ‘इथे नीट बघ’ म्हणून काढलेली चष्म्याची चित्रं. तीन डेस्कवर एकाच जागी चष्मा दिसला तर त्या जागेचं लेखन बदला. दुरुस्त्या स्कोअर आणि पार्ट दोन्हीत एकाच दिवशी करा, प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख घाला आणि जुन्या प्रती फाडून टाका.